बेस६४, डेटाबेस आणि कोऱ्या पीडीएफ: फाइल ॲपमध्ये ठेवायची कुठे आणि पाठवायची कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यंत्रांच्या पाहणीचे ॲप आहे, रिॲक्ट नेटिव्हमध्ये (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले), अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी. पाहणी करणारा फोटो काढतो, एखादी पीडीएफ जोडतो. नेटवर्क नसेल तर सगळे फोनवरच राहते आणि नंतर सर्व्हरला जाते. तुम्ही प्रत्येक फाइलची बेस६४ स्ट्रिंग (म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहून) करून एसक्यूलाइट या फोनवरच्या डेटाबेसच्या एका कॉलममध्ये ठेवता आणि तीच स्ट्रिंग जेसन या मजकुरी स्वरूपात घालून पाठवता. लहान फायली बिनबोभाट जातात. मोठ्या असल्या की अँड्रॉइडवर ॲप बंद पडते, तेही साठवताना नाही, नंतर यादी उघडताना. आणि काही पीडीएफ सर्व्हरवरून परत उतरवल्या की पाने मोजून तेवढीच असतात, पण कोरी. ‘बेस६४ चुकीचे आहे का, आणि फाइल डेटाबेसमध्ये ठेवावी की फोल्डरमध्ये?’ असे तुम्ही विचारले आहे.

बेस६४ एकटे दोषी नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत: अँड्रॉइडवर डेटाबेसमधून एका वेळी किती वाचता येते याची मर्यादा, अख्खी फाइल मेमरीत घेण्याची सवय, आणि बाइटना मजकूर समजून वाचणे. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रकार आहे. फाइलचा आशय ॲपच्या थराथरांतून हातोहात फिरतो आहे. फिरायला हवा तो फाइलचा पत्ता. आशयाने डिस्कवरून निघून थेट नेटवर्कवर जावे, मध्ये जावास्क्रिप्टचे दर्शनही घेऊ नये.

आधी क्रॅशचे बघू, कारण त्याचे उत्तर नेमके आहे. अँड्रॉइडचा स्वतःचा एसक्यूलाइट कर्सर (डेटाबेसमधून ओळी आणून देणारा भाग) ओळी वाचतो तेव्हा त्या ‘कर्सर विंडो’ नावाच्या एका ठरावीक आकाराच्या जागेत भरतो. ही जागा साधारण २ एमबीची असते आणि एक अख्खी ओळ तिच्यात मावावी लागते. लिहिताना ही अट नाही. म्हणून ओळ आनंदाने आत जाते, आणि वाचायला गेलात की ‘रो टू बिग’ (ओळ फार मोठी) म्हणून अपवाद, म्हणजे एरर, येतो. बेस६४ दर ३ बाइटची ४ अक्षरे करते, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे तुमच्यासाठी खरी सीमा २ एमबी नसून फाइलच्या आकारात १.५ एमबीच्या जरा खालीच आहे. आयफोनवर ही विंडोच नाही, म्हणून तिथे तोच कोड चालतो आणि माणूस दोन दिवस अँड्रॉइडच्या परवानग्या तपासत बसतो. तुमची लायब्ररी अँड्रॉइडच्या कर्सरऐवजी स्वतःचा एसक्यूलाइट घेऊन येत असेल तर गणित बदलेल. लॉगमध्ये अपवादाचे नाव बघा, लगेच कळेल.

आता मेमरी. समजा १२ एमबीची पीडीएफ आहे. नेटिव्ह बाजूने, म्हणजे फोनच्या स्वतःच्या कोडने, ती वाचली: १२ एमबी. तिची बेस६४ स्ट्रिंग केली: १६. ती जावास्क्रिप्टच्या बाजूला दिली: आणखी १६. जेसनमध्ये गुंडाळली: पुन्हा १६. पाठवण्यासाठी त्या जेसनचे बाइट केले: अजून १६. एका क्षणी ही सगळी रूपे जिवंत असली तर ७६ एमबी झाले, आणि हा हिशेब एका अक्षराला एक बाइट धरून आहे. इंजिनने कुठे दोन धरले की आकडा याहून वर. अशा चार फायली ‘प्रॉमिस ऑल’ने एकदम सोडल्या तर काय होईल ते तुम्हीच बघितले आहे. मॅनिफेस्टमध्ये ‘लार्ज हीप’ (ॲपला जास्त मेमरी) लावून हे सुटत नाही; त्याने फक्त क्रॅश थोड्या मोठ्या फाइलपर्यंत पुढे ढकलला जातो.

फोटोची गंमत आणखी वेगळी. डिस्कवर ३-४ एमबीचा दिसणारा ४००० बाय ३००० चा फोटो दाखवण्यासाठी उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. यादीत असे दहा थंबनेल मूळ फोटोवरून काढत असाल तर डेटाबेस कितीही सुधारला तरी ॲप अडखळणारच. फोटो घेतला त्याच वेळी एक लहान प्रत करून तीही फाइल म्हणूनच ठेवा, आणि यादीला फक्त ती द्या. लहान प्रत करतानाही आधी पूर्ण उलगडून मग आकसू नका. उलगडतानाच कमी आकारात वाचायची सोय दोन्ही प्लॅटफॉर्मवर आहे. एक लक्षात असू द्या: अशा प्रतीत एक्झिफ माहिती (फोटोच्या आत लिहिलेली दिशा, वेळ, ठिकाण) बऱ्याचदा गळते. फोटो आडवा पडला तर कारण तिथेच सापडेल. पाहणीची वेळ आणि ठिकाण फोटोच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तुमच्या रेकॉर्डमध्ये वेगळे लिहा.

कोऱ्या पीडीएफकडे येतो. हे लक्षण इतके ठळक आहे की मी फाइल न बघताही पैज लावेन. कुठेतरी, बहुतेक उतरवून घेताना, कोणीतरी उत्तर ‘टेक्स्ट’ म्हणून वाचले आणि यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) म्हणून डिस्कवर लिहिले. पीडीएफचा सांगाडा साध्या अक्षरांत असतो: पाने किती, कोणता भाग कुठे. पानांचा खरा मजकूर आणि चित्रे बहुधा आकसलेल्या बाइटमध्ये असतात. यूटीएफ-८ वाचणाऱ्याला न पटणारा प्रत्येक बाइट तो टाकून देतो आणि त्याच्या जागी ‘रिप्लेसमेंट कॅरेक्टर’ ठेवतो. ते लिहिताना ३ बाइटचे होते. सांगाडा वाचतो, म्हणून पानांची संख्या बरोबर दिसते. आतला ऐवज जातो, म्हणून पाने कोरी. तो परत मिळवता येत नाही, कारण वेगवेगळ्या बाइटच्या जागी एकच खूण बसलेली असते.

खात्री करायला पाच मिनिटे लागतात. मूळ फाइल आणि बिघडलेली फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणारे साधन) शेजारी शेजारी उघडा. पहिली ओळ दोन्हीकडे सारखीच दिसेल: टक्क्याचे चिन्ह, पीडीएफ, आवृत्तीचा आकडा. दुसरी ओळ बघा. पीडीएफ लिहिणारी साधने तिथे मुद्दाम १२८ किंवा त्याहून मोठ्या किमतीचे किमान चार बाइट एका टिप्पणीत टाकतात, ते यासाठीच की फाइल हलवणाऱ्या प्रोग्रॅमला हा मजकूर नाही हे कळावे. मूळ फाइलमध्ये तिथे चार वेगवेगळे बाइट असतील. बिघडलेलीत ‘ईएफ बीएफ बीडी’ हे त्या रिप्लेसमेंट कॅरेक्टरचे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसेल. शिवाय फाइल मूळपेक्षा बरीच फुगलेली असेल, पावणेदोन पटीच्या आसपास. जेपीईजीचेही तसेच: सुरुवातीला ‘एफएफ डी८ एफएफ’ हवे, त्याऐवजी तेच त्रिकूट आले तर निदान पक्के. पीएनजी बनवणाऱ्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. तिच्या ८ बाइटच्या सहीत (फाइलच्या सुरुवातीच्या ओळखखुणेत) पहिला बाइट मुद्दाम ‘८९’, म्हणजे सात बिटांच्या मार्गाने गेल्यास बिघडणारा, आणि मध्ये ओळ-बदलाची दोन्ही रूपे, जी कोणी बदलली तर सही लगेच जुळेनाशी होते. मला ही सही फार आवडते.

त्रिकूट सापडले नाही तर बेस६४च्या बाजूला शोधा. तिथे नेहमीचे तीन-चार संशयित आहेत. स्ट्रिंगच्या सुरुवातीला ‘डेटा’पासून स्वल्पविरामापर्यंतचा उपसर्ग तसाच राहिला. फॉर्मच्या एन्कोडिंगमधून जाताना अधिकचे चिन्ह मोकळी जागा होऊन पोचले. अँड्रॉइडच्या बेस६४ने ‘डिफॉल्ट’ निवडीमुळे दर ७६ अक्षरांनी ओळ तोडली आणि पलीकडचा कडक डिकोडर त्यावर अडला. तिथे ‘नो रॅप’ हवे. किंवा एका बाजूने यूआरएलसाठीची वर्णमाला वापरली आणि दुसऱ्या बाजूने साधी.

मग ठेवायचे कुठे? माझे उत्तर: आशय फाइलमध्ये, फाइलबद्दलची माहिती डेटाबेसमध्ये. डेटाबेसच्या ओळीत फाइलचे नाव, आकार, प्रकार, एसएचए-२५६ (आशयावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश), कोणत्या पाहणीची आहे आणि अपलोडची स्थिती, एवढे पुरते. याला अपवाद आहे. एसक्यूलाइट बनवणाऱ्यांच्याच मोजमापात सुमारे १०० केबीपेक्षा लहान ब्लॉब (कच्चे बाइट) डेटाबेसमधून वाचणे सुट्या फाइलपेक्षा वेगवान ठरले आहे. त्यामुळे सही, छोटे आयकॉन, अगदी लहान थंबनेल डेटाबेसमध्ये ठेवलीत तर मी हरकत घेणार नाही. पण ती ब्लॉब म्हणून ठेवा. डेटाबेसला बाइट कळतात, त्याच्यासाठी बेस६४ करायचे काही कारण नाही.

फोल्डर निवडताना एकच प्रश्न विचारा: ही फाइल गेली तर पुन्हा मिळेल का? सर्व्हरवरून परत उतरवता येत असेल तर कॅश. न पाठवलेला फोटो मात्र कधीच कॅशमध्ये नको, कारण जागा कमी पडली की सिस्टिम तो विचारल्याशिवाय उडवू शकते. अँड्रॉइडवर तो ॲपच्या अंतर्गत ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये जावा, आयफोनवर ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये. वापरणाऱ्याला फाइल्स ॲपमधून दिसायला हवी असेल तरच ‘डॉक्युमेंट्स’. बॅकअपचाही विचार करा. अँड्रॉइडचा आपोआप बॅकअप एका ॲपला २५ एमबीच देतो. तुमचे फोटो त्यात गेले तर मर्यादा ओलांडली जाईल आणि महत्त्वाच्या सेटिंग्जही जाणार नाहीत. मोठ्या फायलींना ‘नो बॅकअप’ फोल्डर आहे, आयफोनवर बॅकअपमधून वगळण्याची खूण आहे.

आयफोनवर पूर्ण पाथ डेटाबेसमध्ये लिहू नका. ॲपच्या कंटेनरच्या पाथमध्ये एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि तो ॲप अपडेट झाल्यावर बदलू शकतो. फाइल जागेवर असते, तुमचा पाथ शिळा झालेला असतो, आणि तक्रार येते की ‘अपडेटनंतर सगळे फोटो गेले’. फक्त नाव किंवा सापेक्ष पाथ ठेवा, पुढचा भाग दर वेळी सिस्टिमला विचारा.

पिकरमधून (फाइल निवडण्याच्या खिडकीतून) आलेली फाइल ही तुमची नव्हे, उसनी आहे. अँड्रॉइडवर जो ‘कंटेंट’ यूआरआय मिळतो तो पाथ नाही, आणि त्याची परवानगी बहुतेक वेळा तात्पुरती असते. अँड्रॉइड १० पासून स्कोप्ड स्टोरेज (इतर फायली सरळ पाथने उघडण्यावर बंधन) आले, ११ पासून ते टाळण्याची पळवाटही बंद झाली. तरी अजून त्या यूआरआयमधून ‘खरा पाथ’ काढणारे जुने कोडचे तुकडे लोक चिकटवत असतात. ते सोडून द्या. स्ट्रीम उघडा, आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि पुढे आपली प्रत वापरा. आयफोनवरही पिकरची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असू शकते, तिथेही लगेच कॉपी.

कॉपी कशी करायची यावर जरा थांबतो, कारण अर्धवट फायली इथेच जन्मतात. आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा. लिहून बंद झाली, आकार जुळला, की नाव बदला. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणे अर्धवट होत नाही: एकतर जुनी स्थिती, नाहीतर नवी. त्यानंतरच डेटाबेसमध्ये ओळ टाका. काढताना उलटा क्रम: आधी ओळ, मग फाइल. मध्येच ॲप मेले तर वाईटात वाईट काय, एक बेवारस फाइल उरेल. ती ॲप सुरू होताना झाडून टाकता येते (फक्त काही तासांपेक्षा जुन्याच झाडा, नाहीतर आत्ता कॉपी होत असलेली उडवाल). ओळ आहे आणि फाइल नाही, हा प्रकार मात्र वापरणाऱ्याला दिसतो आणि त्यावर इलाज नसतो.

इथवरचे थोडक्यात: क्रॅश कर्सर विंडोमुळे, अडखळणे प्रतींमुळे, कोरी पाने टेक्स्ट म्हणून वाचल्यामुळे. फाइल डिस्कवर, तिची नोंद डेटाबेसमध्ये, आणि ॲपभर फिरतो तो फक्त सापेक्ष पाथ. आता पाठवण्याचे.

इथे बरेच काही सर्व्हर कोणाच्या हातात आहे यावर ठरते. तुमच्या हातात असेल तर जेसन आणि बाइट वेगळे करा. पाहणीची माहिती जेसनमध्ये जाऊ दे. फाइल ‘मल्टिपार्ट’ने (एकाच विनंतीत वेगवेगळे भाग) किंवा सरळ ‘पुट’ विनंतीच्या बॉडीत कच्च्या बाइटनी. रिॲक्ट नेटिव्हमध्ये फॉर्मडेटाला यूआरआय, प्रकार आणि नाव दिलेत की फाइल नेटिव्ह बाजूच वाचते, जावास्क्रिप्टमध्ये काही येत नाही. कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहू नका. त्यातली बाउंडरी (भाग वेगळे करणारी खूण) ज्याने बॉडी बांधली त्यानेच लिहायची असते. क्लाउड स्टोरेज असेल तर सर्व्हरकडून सही केलेला तात्पुरता यूआरएल घेऊन फाइल थेट तिथे टाकणे मला सर्वांत पसंत आहे, कारण तुमचा सर्व्हर मधला हमाल होत नाही.

सर्व्हर दुसऱ्याचा असेल आणि त्याला जेसनमध्ये बेस६४च हवे असेल तर भांडण करून उपयोग नाही. मग एन्कोडिंग नेटिव्ह बाजूला, तुकड्यातुकड्याने, आणि तुकडा ३ ने भाग जाणारा घ्या, उदाहरणार्थ ४९,१५२ बाइट. नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी बरोबरचे चिन्ह येईल आणि जोडलेली स्ट्रिंग बिघडेल. ‘माझी फाइल १ एमबीच्या आत असूनही ४१३ येते’ (विनंती फार मोठी) अशी तक्रार आली तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची बॉडीची मूळ मर्यादा आठवा. ती १ एमबी आहे आणि ७६८ केबीची फाइल बेस६४ होऊन ती गाठते.

नेटवर्क तुटणारच, हे गृहीत धरून रचना करा. प्रत्येक फाइलला फोनवरच एक यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) द्या आणि सर्व्हरला सांगा की तोच पुन्हा आला तर नवी नोंद करू नकोस. अपलोड पूर्ण होऊन उत्तर वाटेत हरवले, हे अगदी रोजचे आहे. यूयूआयडी नसेल तर प्रत्येक रिट्राय एक जुळा फोटो तयार करतो. सर्व्हरने मिळालेल्या बाइटचा एसएचए-२५६ परत पाठवावा, तो जुळला तरच स्थिती ‘पोचली’ करा. नुसत्या २०० या ‘ठीक’ म्हणणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. पाच-दहा एमबीपर्यंत मी तुकडे करण्याच्या भानगडीत पडत नाही, पूर्ण फाइल पुन्हा पाठवतो. व्हिडिओ आले की तुकडे हवेतच. तेव्हा स्वतःचा प्रोटोकॉल शोधू नका, ‘टस’ (तुटलेला अपलोड पुढे चालू करणारा प्रोटोकॉल) किंवा क्लाउडचा मल्टिपार्ट वापरा. ॲमेझॉनच्या एस३मध्ये शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो, हे आधी माहीत असलेले बरे.

ॲप मागे गेल्यावर अपलोड चालू राहायला हवा असेल तर पाथ फिरवण्याचा फायदा खरा कळतो. आयफोनचे बॅकग्राउंड सेशन अपलोडसाठी फाइलच मागते, मेमरीतले बाइट घेतच नाही, कारण काम तुमच्या ॲपबाहेरची प्रक्रिया करते. अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरला (मागे कामे चालवणारी सोय) देता येणारी माहिती १० केबीपुरतीच. दोन्ही प्लॅटफॉर्म एकच सांगत आहेत. एक अडचण आयफोनवर येते: फाइलला ‘कम्प्लीट’ संरक्षण लावले असेल तर फोन लॉक झाल्यावर ती वाचता येत नाही आणि अपलोड गूढपणे पडतो. ‘पहिल्या अनलॉकपर्यंत’ हा मधला स्तर अशा फायलींना ठीक.

उतरवण्याबद्दल थोडेच: लायब्ररीला थेट फाइलमध्ये उतरवायला सांगा, तात्पुरते नाव, हॅश, मग नाव बदल, वरच्यासारखेच. मोठी फाइल मध्ये तुटली तर रेंज हेडरने पुढचे मागा, पण सोबत ‘इफ-रेंज’मध्ये ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) द्या. नाहीतर सर्व्हरवर फाइल बदललेली असेल आणि जुन्याचे डोके नव्याच्या धडाला जोडले जाईल.

राहिले वापरणाऱ्यांच्या फोनवर आधीच पडलेले बेस६४. अपडेटमध्ये ते बाहेर काढावे लागेल आणि अँड्रॉइडवर त्या ओळी सरळ वाचताच येत नाहीत. ‘सबस्टर’ने तुकडे मागा: लांबी आधी घ्या, मग उदाहरणार्थ ४,००,००० अक्षरे एका वेळी. इथे आकडा ४ ने भाग जाणारा हवा, म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्र डिकोड होतो. त्याआधी उपसर्ग वजा करा, आणि मध्ये ओळ-बदल असतील तर क्वेरीतच ‘रिप्लेस’ने काढा, नाहीतर चारचा हिशेब चुकतो. तुकडा डिकोड करून तात्पुरत्या फाइलच्या शेवटी जोडत जा, पहिले बाइट तपासा, नाव बदला, आणि मगच त्या ओळीतला कॉलम रिकामा करा. एका वेळी एक ओळ, एक ट्रान्झॅक्शन. मध्ये ॲप बंद पडले तर उरलेल्या ओळी पुढच्या वेळी. कॉलम रिकामा झाला तरी डेटाबेसची फाइल लहान होत नाही, त्यासाठी ‘व्हॅक्यूम’ लागतो, आणि तो चालताना मूळ डेटाबेसच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा खाऊ शकतो. म्हणून आधी जागा तपासा, आणि हे काम ॲप उघडताना नको, फोन चार्जिंगला असताना करा.